खालची पट्टी

शुक्रवार, बारामती. संध्याकाळ.

वैशालीचं भाषण ऐकून आले आणि चहासुद्धा गोड लागेना. कन्हेरीची ती पोर, पीएचडीला माझ्यामागून आली. पिपेट धरायला मी शिकवलं तिला! आज ती आमच्याच कॉलेजात पाहुणी, आणि मी मागं उभी राहून मुलांना गप्प बसवतेय.

तिनं पडद्यावर जेलचा, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलीच्या थराचा, फोटो लावला; लांब तुकडे वर राहतात, आखूड खाली सरकतात. वरची पट्टी जाड, खालची बारीक. म्हणाली, जनुकाची आरएनए नक्कल निघाली की पेशी त्यातले नको ते तुकडे कापते आणि उरलेले जोडते. कर्करोगाची पेशी मात्र एक कामाचा तुकडाही कापून टाकते. मग नक्कल आखूड होते, तीच ही खालची पट्टी. केवढ्या टाळ्या!

अगं, ती पट्टी आधी मला दिसली होती. माझ्या जेलवर! निदान माझं नाव तरी घ्यायचंस.

वडिलांना, तात्यांना, मीच हौसेनं नेलं होतं. परतताना म्हणाले, "पोरीनं लई सोपं करून सांगितलं. तू कवा असं सांगितलं न्हाय."

जळोचीत घरी आल्या आल्या पुरावा म्हणून माझी जुनी प्रयोगवही काढली. सापडली ती पट्टी. शेजारी माझं अक्षर: "खालची पट्टी म्हणजे घाण. सोडून देणे." त्याखाली पेन्सिलीनं वैशालीचं: "ताई, तिन्ही वेळा आलीय. घाण कशी?"

आणि त्याखाली लाल पेनानं पुन्हा माझंच: "माझ्या वहीत लिहू नकोस."