रंभाबाई डोमा टेंभुर्णे सुवर्णपदकाविषयी व उरलेल्या मालमत्तेविषयी

लिहून ठेवणार: डॉ. मंगला अंकुश गजभिये, माहेरची मंगला डोमा टेंभुर्णे, वय ६५ वर्षे, धंदा सेवानिवृत्त भात पैदासकार, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा.

आज रोजी माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाच्या नळ्या तुंबल्या आहेत, पण त्यांचा डोक्याशी काही संबंध नाही असे नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे व तो दाखला सोबत जोडला आहे. सोमवारी ऑपरेशन आहे. मी त्यातून उठेन असे सगळे म्हणतात आणि मलाही तसेच वाटते. परंतु एक काम असे आहे की ते माझ्या उठण्या-न-उठण्यावर सोडता येत नाही. माझी आई रंभाबाई हिच्या नावाचे सुवर्णपदक माझ्या विद्यापीठात सुरू व्हायचे आहे, आणि ते ती जिवंत असताना. म्हणून हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न दोघांनी केला. त्यांची नावे पुढे येतील. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. लाखनीचे राहते घर माझी मुलगी तृप्ती हिला द्यावे. ती इथल्याच कॉलेजात शिकवते, तिला ते उपयोगी आहे. मुलगा प्रफुल्ल पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये सुखी आहे आणि घरावर हक्क सांगणार नाही असे त्याने स्वतःच सांगितले, हे त्याच्या चांगुलपणाखाली नोंदवून ठेवते. अट एकच. दारावरची पाटी काढायची नाही. तिच्यावर एम.एस्सी., पीएच.डी. ही अक्षरे माझ्या नावापेक्षा मोठी आहेत म्हणून येणारेजाणारे हसतात. हसू द्या. माझे यजमान कालकथित अंकुश तहसील कार्यालयात कारकून होते. मी पीएच.डी. झाले त्या आठवड्यात ते भंडाऱ्याला जाऊन ही पाटी रंगवून घेऊन आले. पेंटरने विचारले, "साहेब, तुमचं नाव कुठी टाकू?" तर म्हणाले, "तिच्या नावातच हाय ना मी, अजून कायले पाहिजे?" असा नवरा मिळाला म्हणून मी लग्नानंतरही शिकू शकले. हे घर ज्याला मिळेल त्याला हे ठाऊक असावे.

कलम २. सानगडीच्या धानशेताची बांधी माझा भाऊ जागेश्वर याला द्यावी. तोच ती कसतो, आणि आई त्याच्याकडेच राहते. ही बांधी पूर्वी मालगुजार पुंडलिकराव यांची होती. माझी आई दर आषाढात तिच्यात दुसऱ्यांच्या धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करायची. पुढे त्यांच्या घरच्यांनी ती विकायला काढली तेव्हा मी घेतली. दलाल म्हणाला, "मॅडम, याच्यापेक्षा चांगली जमीन दाखवतो, रोडटच." मी म्हटले, मला चांगली नको, हीच पाहिजे. जागेश्वरने ती कोणालाही विकू नये. विकायचीच वेळ आली तर आधी तृप्तीला विचारावे.

कलम ३. माझा चिमटा व भिंग तृप्तीला द्यावे. धानाचे फूल सकाळी जरा वेळच उघडते. त्याच्यातले पुंकेसर चिमट्याने काढून दुसऱ्या वाणाचा पराग आणून टाकायचा, हे काम मी उभे आयुष्य केले. त्यातून गादमाशीच्या किडीला दाद न देणारे वाण निघाले. सरकारी कागदावर त्याला नंबर आहे. पण लाखनीच्या बाजारात शेतकरी त्याला 'मॅडमचं धान' म्हणूनच मागतात. मला दिल्लीत मान मिळाला, मनिलाच्या भात संशोधन संस्थेचे बोलावणे आले, तरी ते दोन शब्द जेव्हा जेव्हा कानावर पडतात तेव्हा मी उगाचच दुकानात थांबते आणि जे नको ते विकत घेते. तृप्तीला हे माहीत आहे, तिने चिडवू नये.

कलम ४. सत्कारात मिळालेल्या शालींनी एक पूर्ण कपाट भरले आहे. संशोधन केंद्राच्या शेतात माझ्याबरोबर काम केलेल्या बायांना त्या वाटून टाकाव्यात, आणि आधी उन्हात घालाव्यात, डांबरगोळ्यांचा वास येतो. स्मृतिचिन्हांचे काय करायचे ते मला कळत नाही. एकावर माझे नाव डॉ. मंगेश गजभिये असे छापले आहे. ते मात्र शेजारच्या पुष्पाबाईंच्या नातवाने मागितले होते. पण पुष्पाबाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराच्या घरी यातून काही जाऊ नये. म्हणून आजच सकाळी हातोहात देऊन टाकले.

कलम ५. माझे स्वतःचे सुवर्णपदक. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात मी १९८१ साली विद्यापीठात पहिली आले. त्याचे जे पदक मिळते ते पुंडलिकरावांनी आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. म्हणजे ज्यांच्या बांधीत माझी आई चिखलात उभी राहायची, त्याच घरचे पदक. डबी घेऊन मी सानगडीला गेले. आई कामावरून येऊन पाय धूत होती. तिने हात पुसून पदक घेतले आणि उलटसुलट पाहिले.

"कोणाचं नाव लिवलं हाय?"

"स्वर्गीय निर्मलाबाई सुवर्णपदक."

"मालगुजारीन?" आईचा चेहरा उतरला. "अभ्यास तुनं केला, अन् नाव तिचं काहून?"

मी समजावले की ऐपतवाले लोक आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने विद्यापीठात रक्कम ठेवतात, त्यातून पदक निघते, अशी रीत आहे. आईला ते पटले नाही. "आपल्या घरात पहिलं सोनं आलं, अन् तेबी दुसऱ्याच्या नावाचं!" मी पदक उलटे केले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात कोरलेले होते: मंगला डोमा टेंभुर्णे. मी वाचून दाखवले. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"हे तुहं?"

"हाओ."

"मंग हे बाजू वरतं ठेव."

तेव्हापासून कपाटात ते पदक तसेच उलटे ठेवलेले आहे. ते प्रफुल्लला द्यावे. कारण पुढच्या कलमात जे लिहिले आहे त्याला विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक तो आहे, आणि त्याचा विरोध मायेचा आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, पदक तुझ्या नावानं ठेव. आजीला विद्यापीठात कोण ओळखतं? तुझ्या नावाला वजन आहे." बाळा, माझ्या नावाचे वजन कुठून आले ते तुला ठाऊक नाही, ही माझ्याकडून सांगायची राहिलेली गोष्ट आहे. तुला आईच्या नावाचे पदक पाहिजे ना? हे घे. याच्यावर माझे नाव आहे, आणि ते मी कमावलेले आहे.

कलम ६. ज्यासाठी हा सगळा कागद लिहिला ते कलम.

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठाने मला 'उत्कृष्ट माजी विद्यार्थी' म्हणून गौरवले. बरोबर एक न्यायमूर्ती होते, हृदयाचे एक मोठे सर्जन होते, आणि पोलीस खात्यातली एक तडफदार बाई होती. चौघेही याच जिल्ह्याच्या मातीतले. असा दिवस आपल्या वाट्याला आला याचा मला फार अभिमान वाटला, आणि तो लपवण्याइतकी मी सभ्य नाही. पहिल्या रांगेत आई बसली होती, नवे पांढरे लुगडे नेसून. माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष अॅडव्होकेट योगेंद्र, म्हणजे पुंडलिकरावांचा नातू आणि माझा वर्गमित्र, माझी ओळख करून द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, "डॉ. मंगलाताई म्हणजे आमच्या आजीच्या पदकानं घडवलेलं रत्न!" टाळ्या पडल्या. माझ्या हातात पुष्पगुच्छ होता. पुष्पगुच्छ हातात असला की माणसाला हसावेच लागते. मी हसले.

परतीच्या गाडीत आईने विचारले, तो वकील काय म्हणून राहिला होता. तिला कमी ऐकू येते, त्यामुळे मला ओरडून सांगावे लागले, आणि ड्रायव्हरलाही सगळे समजले. भंडारा गेले, पूल गेला. कारध्याला आई बोलली.

"पदकानं घडवली म्हणे तुले? मंग माह्या नावाचं काढ ना एक."

मी म्हटले, "आई, ते मेलेल्या माणसाच्या नावाचं राहते."

"कायले? मेल्यावर मले काय आयकू येते? आत्ताच कमी येते." मग म्हणाली, "माईकवर माहं नाव घेतलं पाह्यजे. मले आयकाचं हाय."

साठ वर्षांच्या वर मी या बाईला ओळखते. तिने माझ्याकडे कधी काही मागितले नाही. लुगडे घेतले तर म्हणायची, होतं की. एवढे एक मागितले. ते तिला मिळालेच पाहिजे.

योगेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कल्पना उत्तम आहे. पण आजी आहेत तोवर थांबू या. पुढेमागे स्मृती म्हणून ते जास्त छान दिसेल." मी म्हटले, "दिसायसाठी नाही रे बाबू, ऐकायसाठी आहे." त्याला राग आला. मग फळे घेऊन भेटायला आला, आणि तेच पुन्हा म्हणाला. माणूस वाईट नाही. त्याच्या घरात नावे नेहमी मेल्यावरच पदकावर आली, कारण जिवंतपणी ती आधीच मोठी होती. मी विद्यापीठात जाऊन नियम पाहिले. जिवंत माणसाच्या नावाने पदक नको असा नियम कुठेही नाही, नुसती सवय आहे. अर्ज मंजूर झाला आहे. फक्त रक्कम भरायची राहिली आहे. माझ्या निवृत्तीच्या मुदत ठेवी त्यासाठीच ठेवल्या आहेत. तृप्तीला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तिने त्या मोडून, माझे काहीही झाले तरी, हा पदवीदान समारंभ न चुकवता रक्कम भरावी. पुढच्या वर्षी नाही, याच वर्षी.

पदकाचे नाव: श्रीमती रंभाबाई डोमा टेंभुर्णे सुवर्णपदक. नावाआधी 'स्व.' लावायचा नाही, आत्ताही नाही आणि नंतरही नाही. आमच्या घराने छप्पन्न साली धम्म स्वीकारला. आम्ही स्वर्ग मानत नाही, तर आईला तिकडे पाठवणार कशाला? पुढे कधी लावायचेच झाले तर 'कालकथित' लावावे. 'आई समारंभाआधीच गेली तर' असे एक वाक्य मी लिहायला घेतले होते. शेजारी बसून प्रत्येक शब्द वाचून घेणाऱ्या आईने पेनच धरला. "ते नोको लिवू." म्हणून लिहिले नाही.

पदक एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात मुलींमधून पहिली येईल तिला द्यावे. जात, गाव, घर पाहू नये. उद्या योगेंद्रची नात पहिली आली तर तिलाही आनंदाने द्यावे. तिने ते घरी न्यावे आणि कोणाचे नाव लिहिले आहे ते आजोबांना वाचून दाखवावे.

समारंभाला आईला पहिल्या रांगेत बसवावे. ऐकायची मशीन ती डब्यात ठेवते, शिट्टी वाजते म्हणते. म्हणून तृप्तीने तिच्या डाव्या बाजूला बसावे, त्या कानाने थोडे येते. मंचावरून नाव पुकारले की तेच नाव आईच्या कानात पुन्हा मोठ्याने सांगावे. सगळे सभागृह वळून पाहील. पाहू द्या. मी त्या दिवशी नसले तरी आईला दुखवट्यात घरी बसवून ठेवू नये. रडायचे ते आदल्या दिवशी रडून घ्यावे. त्या दिवशी पांढरे लुगडे, आणि डोळे कोरडे.

कलम ७. वर न लिहिलेले जे काही निघेल ते प्रफुल्ल व तृप्ती यांनी सारखे वाटून घ्यावे. भांडल्यास दोघांनाही आजीसमोर उभे करावे.

हे मृत्युपत्र मी आईला संपूर्ण वाचून दाखवले. तिच्यासाठी मोठ्याने वाचावे लागले, त्यामुळे ते अर्ध्या लाखनीने ऐकले आहे व गुपित असे काही राहिलेले नाही. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा आई म्हणाली, "मले त तू काईच नाई देऊन राहिली. मंग मीच होतो साक्षीदार." आईला मी खरोखरच काही देत नाही. पदकात नाव तिचे आहे, सोने दुसरीचे होईल.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली असे.

ठिकाण: लाखनी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२३

सही: मंगला अंकुश गजभिये

साक्षीदार १: पुष्पाबाई गोपीचंद कापगते, वय ५९, धंदा घरकाम, रा. लाखनी. सही केली.

साक्षीदार २: रंभाबाई डोमा टेंभुर्णे, वय ८२, रा. सानगडी. धंदा: येथे मी 'निरंक' लिहिले होते. आईने प्रत्येक शब्दासारखा हाही वाचून दाखवायला लावला, अर्थ विचारला, आणि तो ऐकल्यावर खोडायला लावला. खोडाखोड मला मान्य आहे, शेजारी सही केली आहे. तिने सांगितले तसे लिहिते. धंदा: लोकाइचा रोवणा केला, पोट्टी शिकवली.

अंगठा, डावा.