टॅलातली फुलं आणि घरफोडीचा संशय

आई, तुझ्या मुलाला आयर्लंडमध्ये अटक झाली होती. घाबरू नकोस, शेवट गोड आहे. तू जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणून हा प्रसंग तुझ्या तावडीतून सुटला, नाहीतर पोलिसांच्या आधी तूच माझी चौकशी केली असतीस.

२०१७ चा गणपती. सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून, वरून टोपीचं जॅकेट चढवून मी टॅला नावाच्या इथल्या उपनगरात, आमच्या वस्तीत, फुलं तोडायला निघालो. आपल्या नागपूरच्या कॉलनीतले काका फिरायला म्हणून निघायचे आणि दुसऱ्यांच्या कुंपणावरची जास्वंद पिशवीत घालून परतायचे, ती रीत मी इथेही चालू ठेवली होती. इथे जास्वंद नाही, पण फ्युशियाची लाल लोंबती फुलं फुटपाथवर ओथंबलेली असतात. अर्धी पिशवी भरली आणि समोर गार्डा उभा राहिला, म्हणजे इथला पोलीस. तरुण पोरगा. कुणीतरी फोन केला होता की एक माणूस घरांपाशी घुटमळतोय. मी सांगितलं, देवासाठी फुलं तोडतोय. त्याने माझ्या धोतराकडे बघितलं आणि घरफोडीच्या संशयावरून अटक करतोय म्हणाला. तेवढ्यावर मी गेलोही असतो गं. पण त्याने पिशवी घेतली आणि खाली स्वतःच्या बुटांपाशी ठेवायला लागला. देवाची फुलं, पायाशी! मी पिशवी हिसकावली आणि त्याची टोपी उडाली.

घरफोडीचं पुढे काहीच झालं नाही. खटला उभा राहिला तो अटकेला विरोध केल्याचा. खालच्या कोर्टात मी दोषी ठरलो. शिक्षा किरकोळ, पण नोंद पक्की, आणि आमचा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हाच आत गेलेला. बायको म्हणाली, "अरे, दहा वर्षं इथे टॅक्स भरून शेवटी फुलचोर म्हणून परत जायचं का? अपील कर."

वरच्या कोर्टात खटला नव्याने ऐकतात. आमची वकीलबाई उंचीने तुझ्याएवढीच, आवाज मात्र तुझ्याहून बारीक. तिचा मुद्दा साधा होता: अटक करायला पोलिसाकडे वाजवी कारण हवं, ते नसेल तर अटकच बेकायदा, आणि बेकायदा अटकेला हिसका दिला तर तो गुन्हा नाही. तिने गार्डाला विचारलं, फोन करणाऱ्याने याला कुठलं दार उघडताना बघितलं होतं का? "नाही." तुम्ही बघितलंत? "नाही." मग काय बघितलंत? तो बिचारा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "कुंपणाशी उभा होता. पायात चादरीसारखं काहीतरी होतं." कोर्टात खसखस पिकली. बाई म्हणाली, फुलांच्या चोरीचा संशय आला असता तर मी समजू शकले असते, पण घरफोडी कशावरून? त्याने आपली वही उघडली, चाळली आणि मिटली.

जजसाहेबांनी अपील मंजूर केलं. मला आधी कळलंच नाही. वकीलबाईने वळून "यू आर ग्रँड" म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत 'झालं सगळं ठीक', तेव्हा कळलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी बायकोसमोर बोलून बसलो. ती रडतही होती, हसतही होती. पिशवीतून तिने बेसनाच्या लाडवांचा डबा काढला आणि बाहेर पहिला लाडू त्या गार्डालाच दिला. त्याने तो खाल्ला आणि लाजत दुसरा मागितला. तिघेही हसलो. पुढे नागरिकत्वही मिळालं.

हे पत्र पोस्टात टाकायची सोय नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटात साखरेच्या डब्यामागे ठेवतोय. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. साक्षीत मला विचारलं होतं, लोकांच्या कुंपणावरची फुलं तोडावीत हे कुणी शिकवलं? मी शपथेवर म्हणालो, "माझ्या आईने." जजसाहेब कौतुकाने हसले. खरं तर सहावीत मी शेजारची जास्वंदीची पाच फुलं आणली होती, तेव्हा तू मला दंडाला धरून परत घेऊन गेलीस, माफी मागायला लावलीस, आणि त्या दिवशी देवाला नुसत्या अक्षता वाहिल्यास. मी जिंकलो ते गार्डाकडे कारण नव्हतं म्हणून. कारण माझ्याकडेही नव्हतं, आई. मी तुला पुढे केलं.