गोणपाटाचा पडदा

मु. बीबी, मंगळवार, फेब्रुवारी

जेवले! दोघेही जेवले.

तारेला धडकून जखमी झालेले हे दोन रोहित पक्षी दुसरबीडकडच्या तळ्यावरून आमच्या उपचार केंद्रात आले, तेव्हापासून एकमेकांना चोची मारत होते. घरच्या गोठ्यात मारक्या बैलाला वेगळं बांधतात, म्हणून मीही मध्ये गोणपाटाचा पडदा बांधला. शेड शांत झाली. मला वाटलं, आराम पडतोय. पण दोघांनीही खाणं सोडलं. औषध बदललं, पाणी बदललं, भरडा आणखी पातळ केला. पडद्याचं मात्र डोक्यात आलंच नाही. का नाही आलं?

आज संध्याकाळी वाऱ्याने तो पडला. राखणदार शकीलभाई ओरडले, "ताई, धावा! भांडून राह्यले!" आता रक्त दिसणार, असं धरूनच पळाले. रक्त नव्हतं. दोघं माना ताणून एकमेकांवर खेकसत होते. मग एकदम दोघांनी माना खाली घातल्या आणि चोची उलट्या करून एकाच टबातला भरडा गाळायला लागले. मध्येच एक चोच मारायची, की पुन्हा खाणं. थव्यात वाढलेल्यांचं हेच बोलणं असेल, आणि मी तेच बंद केलं होतं.

शकीलभाईंनी गोणपाट उचललं. "बांधू काय परत?"

"नको. तुमच्या शेळीखाली टाका."

"अन् रातभर कलकल करतीन तं?"

"करू द्या."

घरी निघाले, तर त्यांची कलकल फाटकाबाहेरही ऐकू येत होती. मुद्दाम थोडी थांबले.