नऊ किलोमीटर आणि मागची सीट

व्हेर्नोल, ३० मे १९९६

माननीय मेव्हणीबाई लेओंतीन यांस,

फिर्मांचा आदरपूर्वक नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? (गेली चाळीस वर्षं मी तुला अगं-तुगंच करत आलो आहे, पण परवाच्या प्रकारानंतर निदान सुरुवातीला तरी अहो-जाहो करावं असं ठरवलं. जमेल तितकं करतो.) उन्हात तीन तास बसून आपल्याला काही त्रास झाला नसेल अशी आशा आहे. गवताची ओल तर लागली नसणारच, कारण आपण गवतावर नव्हे, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसला होतात. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आधी कामाचं सांगतो. मिरेयला यातलं काही कळता कामा नये. माझी मुलगी मनानं वाईट नाही, पण गाडी फाटकाला घासली तेव्हापासून तिनं मला बजावून ठेवलंय, "बाबा, आता आणखी एक भानगड झाली की गाडी त्या लिओंवाल्याला द्यायची." हा लिओंचा हॉटेलवाला पंधरा जूनला येणार आहे. माझी करडी दोन-घोडी सित्रोएन घेऊन जाणार, तिच्यावर डेझीची फुलं रंगवणार आणि हॉटेलच्या दारात उभी करून आत कुंड्या ठेवणार. पस्तीस वर्षं जिनं तुझ्या बहिणीला जर्मेनला, मला आणि अधूनमधून तुला वाहिलं, तिच्यात कुंड्या. म्हणून मी मिरेयला सांगितलंय की तू नाच बघायला म्हणून आपणहून मागं थांबलीस. तिचा फोन आला तर तूही तेच सांग. नाच तुला आवडत नाही हे तिला माहीत आहे, तरी सांग.

आता तुझ्यावर जो ठपका येतो तोही मांडतो. माझं भाषण चालू असताना तू झोपलीस. (काझिमीर म्हणतो सगळेच झोपले होते, पण काझिमीर पेजो गाड्यांवाला आहे, आपल्या सित्रोएनचा नाही. त्याचे आजोबा पेजो, वडील पेजो, त्याच्या घरातली मिरपूड दळायची चक्कीसुद्धा पेजो.) जागी राहिली असतीस तर तुला कळलं असतं की मागची सीट उचलून झाडाखाली मांडायची हा माझा चावटपणा नाही. या गाडीची सीट निघतेच, आणि पेंटेकोस्टच्या सणाच्या सोमवारी नदीकाठच्या मेळाव्याला आलेल्या प्रत्येक दोन-घोडीवाल्यानं ती काढलेलीच होती. तेव्हा तुझं जे ऐकायचं राहिलं ते इथं लिहितो.

सित्रोएनच्या मूळ मालकांनी आधी दातेरी चाकं केली. त्या चाकांचे दात उलट्या व्हीसारखे कापलेले असायचे, तेच दोन दात आजही गाडीच्या नाकावर आहेत. (तू त्यांना पोस्टातल्या शिपायाच्या बाहीवरच्या फिती समजायचीस. जर्मेनही तसंच समजायची, पण तिनं एकदा सांगितल्यावर ऐकलं.) पहिल्या महायुद्धात त्यांनी तोफगोळे केले, आणि युद्ध संपल्यावर, तोफगोळे कोण घेणार म्हणून, एकोणीसशे एकोणीसपासून मोटारी. मग साहेबांनी आयफेल टॉवरवर दिव्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. नऊ वर्षं ते नाव तिथं होतं. चौतीस साली पुढच्या चाकांनी ओढणारी ट्रॅक्शन काढली, आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजून ती टायरवाल्यांच्या हाती गेली. ट्रॅक्शन मात्र इतकी पळाऊ होती की चोरांनी पळायला तीच घेतली आणि पोलिसांनी धरायलाही तीच. मी हे सांगत होतो तेव्हा काझिमीर मागून म्हणाला, "मग पकडलं कोणी कोणाला?" लोक हसले. तू तेव्हाच डोळे मिटलेस, मी पाहिलं.

पंचावन्न सालची देएसही तू झोपेत घालवलीस. बंद केली की जमिनीलगत बसणारी आणि सुरू केली की सावकाश उठणारी गाडी. नाव उच्चारलं की आपल्या फ्रेंचमध्ये देवी असाच अर्थ कानावर पडतो, त्यामुळे तिच्या मालकांची मान कायम ताठ. आपल्या नोटरीची होती. तिच्या खाली घरंगळलेला पेतांकच्या खेळातला लोखंडी गोळा काढायला तो ती बंद करून वाकला, आणि गाडी गोळ्यावर बसली. नोटरीनं मग गाडीलाच नावं ठेवली. खरं तर बसणं हा तिचा स्वभावच होता.

आणि दोन-घोडी. घोडे मोजायचे ते कराच्या हिशेबातले, इंजिनात त्याहून थोडे जास्तच असतात. कंपनीनं कारागिरांना सांगितलं होतं की दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी न फुटणारी अंडी, एवढं नेईल अशी गाडी करा. अठ्ठेचाळीस साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली तेव्हा लोकांनी टिनचा डबा म्हणून टर उडवली, आणि मग तीच मिळावी म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत बसले. शेवटची निघून सहा वर्षं झाली, तीही पोर्तुगालात. हे वाक्य मी भाषणात बोललो तेव्हा माझा आवाज बसला. काझिमीरला वाटलं भाषण संपलं, त्यानं टाळ्या वाजवल्या.

मग तो म्हणाला, "फिर्मां, अंड्यांच्या गोष्टी पुरे. समोर माझं शेत आहे, कालच नांगरलंय. ने तीन डझन." आता अशा वेळी माणूस काय करणार? सीटच्या जागी रिकामी पेटी ठेवली, पेटीवर टोपली, टोपलीवर निळ्या चौकटीचं फडकं. शेत आडवं पार केलं. गाडी होडीसारखी डुलली, माझी टोपी दोनदा छताला लागली, आणि पलीकडच्या टोकाला रस्ताच लागला. (शेताच्या टोकाला रस्ता असतो हा काही माझा दोष नाही.) आनंदाच्या भरात मी वळलोच नाही, तसाच घरी निघालो.

तुझ्याशी बोलतच गेलो. जर्मेन गेल्यापासून तू पुढं बसत नाहीस हे ध्यानात होतं, म्हणून बोलणं मागं फेकत होतो. काझिमीरची जिरली म्हणालो. मिरेयचा हट्ट बरोबर नाही म्हणालो. तुझ्या बटाट्याच्या टार्टमध्ये साय कमी पडली होती, तेही सांगितलं. तू एका शब्दानं विरोध केला नाहीस. नऊ किलोमीटर. मला वाटलं, चला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा हिला माझं पटतंय. दारात येऊन तुला हात द्यायला मागचं दार उघडलं तर आत टोपली. छत्तीस अंडी, एकाला तडा नाही.

मी परत निघणार होतो, पण तुला तोंड कसं दाखवावं या विचारात संध्याकाळ झाली, आणि काझिमीरचा फोन आला की तो तुला मूलां शहरात तुझ्या घरी सोडून आलाय. पेजोतून, सीट टपावर बांधून. तू गाडीतून उतरताना म्हणे एवढंच म्हणालीस, "दाराजवळ ठेवा, तो येईल." मी अजून आलेलो नाही. त्याची कारणं अनेक आहेत, एक म्हणजे अंडी संपवायची होती. पण फडकं घातलेली टोपली तुझ्यासारखी दिसली यात तुझा अपमान नाही, फडकं तुझ्या स्कार्फसारखंच होतं. रागावू नकोस, ही विनंती.

तुझा दोषी मेव्हणा,
फिर्मां

ता.क. फडकं स्कार्फसारखं नव्हतं. तुझा स्कार्फ हिरवा आहे.

ता.क. २. फेब्रुवारीत मूलां शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तुझ्याकडे आलो नाही, कारण तू विचारलं असतंस. ते म्हणाले, उजव्या डोळ्यानं कडेकडेचं तेवढं दिसतं, डाव्याचीही तीच वाट आहे, आणि आजपासून गाडी चालवायची नाही. मी बरं म्हणालो आणि चालवत घरी आलो. हे कोणाला सांगितलेलं नाही. परवा शेताच्या टोकाला वळलो नाही याचं कारण आनंद नव्हे, तू ज्याखाली बसली होतीस ते झाडच दिसलं नाही. टोपली ओळखता आली नाही, मग रस्त्यात कोणाचं मूल आलं असतं तर, हे मनातून जात नाही. मिरेयला आता खरं सांग. नाचाचं सांगू नकोस.

ता.क. ३. तुझ्या नवऱ्याच्या पावाची नालीदार पत्र्याची गाडी तू बावीस वर्षं गावोगाव फिरवलीस. डॅशबोर्डातून ओढायचा गिअर तुला नवा नाही, याच गाडीनं जर्मेनला घेऊन व्हिशीला गेली होतीस. मिरेयला विचारून बघ, गाडी तुझ्याकडे राहिली तर चालेल का. गुरुवारी बाजाराला गेलीस तर मला घेत जा, मी जर्मेनच्या जागेवर बसेन आणि बोलणार नाही. पाकिटात टोचतेय ती किल्ली आहे. दुसरी नाही. पाकीट तीनदा उघडून पुन्हा चिकटवलेलं दिसेल, त्याचा दोष टपालखात्याला देऊ नकोस.