चिठ्ठीत निघालेलं डिझाईन

सोम. ३ फेब्रु.
शेठ पुण्याला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला जाऊन आले आणि एकदम शहाणे झाले. आजपासून ऑफिसात डिझाईनवाले वेगळे, कोडिंगवाले वेगळे. एकांनी ठरवून लिहून द्यायचं, दुसऱ्यांनी तेवढंच बनवायचं. शिरूर स्टँडमागे दोन खोल्या, आठ माणसं, आणि म्हणे डिपार्टमेंट.
कोण कुठे हे कसं ठरलं? स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या टाकून. शेठ म्हणाले, "केंदूरला आमची जमीन आशीच वाटली. कोन रुसलं न्हाई." शिवाय त्यांचा पुतण्या महेश इथेच कामाला, उगाच पक्षपाताचा बोल नको.
मला निघालं डिझाईन. दूध संकलनाचा प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून मी लिहीत आणलेला, तो आता अर्ध्यात महेशकडे. ज्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, त्याच्याकडे.

गुरु. ६
दिवसभर निबंधलेखन. ‘बटण दाबल्यावर नोंद व्हावी.’ यासाठी इंजिनिअर झाले.
कोडला हात लावायचा नाही. तोंडी सांगायचं नाही, ईमेल करायचा. महेश पलीकडच्याच टेबलावर. ईमेल पोचला की मान वर करतो, "मिळाला, ताई." मठ्ठ.

मंगळ. ११
दौंडच्या केंद्रावर आज प्रोग्राम सुरू झाला. आमचं पहिलं गिऱ्हाईक. केंद्र चालवणाऱ्या आबांचा सकाळीच फोन. "ताई, ह्यो गडी गाईचं बी आनतो आन् म्हशीचं बी. मशीन एकच घेतंय. म्हशीचं काय करू, वतून दिऊ?" मागे रांगेतल्यांचा आरडाओरडा. शेवटी वहीत लिहिलं.
एकाच घरचं दोन्ही दूध येतं, हे मी लिहून दिलंच नव्हतं. कोड मी लिहीत असते तर हाताखालून आपोआप गेलं असतं.
महेशला विचारलं. शांतपणे म्हणतो, "मला कळलं व्हतं, ताई. आमच्या घरी बी दोन्ही हायेत. पण ते डिझाईनमधी येतंय ना."
घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. अक्कल गहाण टाकून नोकरी करतात ही माणसं.

बुध. १२
शेठसमोर सुनावणी. चूक डिझाईनची, म्हणजे माझी. मी बोलले, चारचौघांत जरा जास्तच बोलले. शेठ हसत होते. "आसं करू. महेश दुरुस्त करील, शुक्रवारी सकाळी परत चालू करू. ह्या बारीला चूक कोडिंगची निघाली, तर तुझं कोडिंग तुला परत. मग झालं?"
कुस्ती लावल्यासारखं. ह्यांना वाटतं फडात बसलोय.
आबांचा निरोप वेगळाच: शुक्रवारी खोळंबा झाला तर कॉम्प्युटर उचलून न्या, आमची वही बरी.

गुरु. १३, संध्याकाळ
म.ने दुरुस्त केलेलं घरी चालवून पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, राहवलं नाही. गाईची नोंद केली, दिसली. म्हशीची केली, तर गाईची पुसली गेली. परत केलं, परत तेच. मला पाच मिनिटांचं काम. गाढव आहे नुसता.
म्हणजे ह्या वेळी चूक कोडिंगची. गप्प बसले तर उद्या दुपारपर्यंत माझा प्रोग्राम माझ्याकडे. आणि दौंडच्या रांगेतल्या कितीतरी जणांचं सकाळचं दूध कुठेच नाही. आबांना तोंड कोण देणार, शेठ?
आठवडाभर सगळ्यांची कीव करत होते. आज स्वतःची किळस आली, तरी हात फोनकडे जाईना.

आत्ता म.चाच मेसेज. "ताई, चेक केलंय पन भ्या वाटतंय. नियमात बसत न्हाई, तरी एकदा बघता का? आबा लई चांगला मानूस हाय."
वाचला. निळ्या खुणा त्याला दिसल्याच असतील. परत एक मेसेज, नुसतं "ताई?"
केंद्र सकाळी सहाला उघडतं. अजून उत्तर दिलेलं नाही.