दुनळी कुणाची

अप्पा, तुमची बंदूक तुमची नव्हती. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी आडवळणं घेत बसेन आणि तुम्ही म्हणाल, "मुद्द्यावर या, बाईसाहेब."

तुम्ही गेल्यावर ती दुनळी आम्ही कायद्याप्रमाणे हुबळीच्या बंदुकीच्या दुकानात जमा केली. आता दुकानदार थकलाय, दुकान बंद करतोय. महिनाअखेरपर्यंत तिची काहीतरी सोय लावा म्हणाला. एका संग्रहालयाला द्यावी असं माझ्या मनात आलं. त्यांना प्रतिज्ञापत्र हवं होतं, बंदूक मूळची कुठली, आपल्याकडे कशी आली. मला हसूच आलं. हे काय अवघड? पणजोबांनी दांडेलीच्या रानात बिबट्या मारला आणि संस्थानिकांनी खूश होऊन बंदूक दिली, ही गोष्ट आपल्या घरात भिंतींनाही पाठ आहे.

दर दसऱ्याला तुम्ही ती चौरंगावर मांडायचात. कायद्याच्या पुस्तकांशेजारी, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन माणसं येतात, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण", बन्नी घ्या, सोन्यासारखे राहू, म्हणत तुमच्या पाया पडतात, आणि तुम्ही बिबट्या सुरू करता. दरवर्षी तो हातभर वाढतो. सातवीत असताना मी सगळ्यांदेखत विचारलं, "अप्पा, मग त्याचं कातडं कुठंय?" केवढे ओरडलात! "वकिलाच्या घरात उलटतपासणी वकीलच करतो!" मी रडत स्वयंपाकघरात गेले. आई करंज्या तळत होती. वर न बघताच म्हणाली, "त्या बंदुकीचं काही विचारू नये, बाळ." मला वाटलं, मी उद्धटपणा केला म्हणून म्हणते. आता वाटतं, तिला ठाऊक असणार.

दुकानदारानं नळ्या सोडवून भिंगाखाली धरल्या. म्हणाला, "अक्कार, संस्थानची असती तर कुठंतरी त्यांची मुद्रा दिसली असती. ही साधी, दुकानातनं घेतलेली." खालच्या अंगाला नंबर होता, तो त्यानं मला लिहून दिला. तो घेऊन मी धारवाडला जिल्हा कचेरीत गेले. शिक्षकी केल्याचा एवढाच फायदा, जाईन तिथं जुना विद्यार्थी भेटतो. त्यानं परवान्यांच्या जुन्या वह्या काढून दिल्या. नंबर सापडला, पण नाव नवलगुंदकडच्या एका शेतकऱ्याचं. शेरा होता की भाऊबंदकीचा दावा चालू आहे, बंदूक वकिलांच्या ताब्यात. वकील तुम्ही. पुढच्या वहीत तोच नंबर, नाव तुमचं, आणि शेरा 'वडिलोपार्जित'. विकत घेतल्याची नोंद नाही, बक्षीस मिळाल्याची नाही. मी दोनदा ताडून पाहिलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून.

भाऊबंदांत डोकी फिरतात, घरात बंदूक नको, म्हणून तुम्ही ती ठेवून घेतलीत, हे शहाणपणच केलंत. पण दावा संपल्यावर परत का नाही दिलीत हो? दसऱ्याला मिरवायला? फार राग येतोय मला तुमचा, आणि तुम्ही तिकडे फोटोत हार घालून आरामात बसलायत. दादा पुण्याहून फोनवर म्हणतो, "वडिलोपार्जित लिही आणि मोकळी हो. मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस?" कोर्टाच्या आवारात आजही तुमचं नाव निघालं की लोक हात जोडतात, ते मला दिसतं. आणि शपथेवर खोटं बोलणाऱ्याला माफी नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. इकडे आड, तिकडे विहीर. हुबळीत उणकलच्या माझ्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात प्रतिज्ञापत्राचा तो कोरा कागद टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरते आहे.

त्या शेतकऱ्याची मुलगी कमरीपेठेत राहते, असं कळलं. परवा गेले. माझ्याच वयाची आहे, साड्यांना फॉल लावते. जुन्या बंदुकांची माहिती गोळा करतेय, असं सांगून आत शिरले. तिनं चहा केला. वडिलांचं नाव काढताच सुई खाली ठेवली. बंदूक सरकारजमा झाली, असं वकिलांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे. घरात कुणाचा विश्वास बसला नाही. दारूपायी बंदूक विकून बसला, असं सख्ख्या भावांनी गावभर केलं. "अक्कार, आम्हीसुद्धा तेच समजलो," ती कन्नडमध्ये म्हणाली. "आई शेवटपर्यंत बापाशी धड बोलली नाही. तुम्ही शिकलेल्या. कुठं पत्ता लागला तर मला बंदूक नको. त्यानं ती विकली नव्हती, एवढंच कळवा."

अप्पा, एक वाक्य होतं. जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "शोधते."

हा कागद तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर एवढं लिहू धजले. जिथं पोचायला हवा तो पत्ता इथून बसनं अर्ध्या तासावर आहे. प्रतिज्ञापत्र अजून कोरंच आहे. पण मी शपथ घ्यायच्या आधीच खोटं बोलून बसले आहे, आणि ते दादालाही सांगितलेलं नाही. ती मला दारापर्यंत पोचवायला आली, माझा हात हातात घेतला आणि सहज विचारलं, "तुमचे वडील कोण, अक्कार?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं.