अकरावा उतारू

१२ जून, मंगळवार

आलंच शेवटी मागणीचं ताट! पांढरं, त्यावर दुसरं पांढरं पालथं घातलेलं. काबासोने धाडलं. शेजारचा विधुर, बस चालवतो. त्याचा मध्यस्थ दारात गुडघे टेकून ताट ठेवून गेला. तोंडातून शब्द नाही— रीतच तशी. उघडलं की होकार, न उघडता परत गेलं की नकार. रविवारपर्यंत मुदत.

कापेंब्वादादा म्हणाला, "उघड गं. नवरा गेल्यापासून शाळेचंच डोकं खातेस. जरा चव बदल."

"दादा, मी निऑन आहे. घर भरलेलं. मला कुणी नको, मी कुणाला नको."

"निऑन म्हणजे बारवरचा दिवा ना?"

आणि हा माझा सख्खा भाऊ!

१३ जून

ताट तसंच. वर वह्यांचा गठ्ठा ठेवला, म्हणजे दिसायला नको.

रसायनशास्त्राच्या वर्गात न्सोफ्वाने खिंडीत गाठलं. "मॅडम, आधी बाहेरच्या घरात दोन इलेक्ट्रॉन, मग आतल्या दहाच्या घरात उरलेले नऊ— हाच नियम ना? मग तांबं बाहेर एकच का ठेवतं?"

पुस्तक म्हणतं: अपवाद. हात झटकायचे असले की पुस्तकं असंच म्हणतात. पण किट्वेत, तांब्याच्या खाणीवर पोट भरणाऱ्यांच्या पोरांना तांब्याबद्दल 'अपवाद' सांगायचं? लाज वाटली पाहिजे!

१४ जून

सुचलं! बस! ड्रायव्हरशेजारी दोघांचं एक बाक, मागे दोघांची पाच. हुबेहूब!

पण बस काबासोची. ताट घरात पडलेलं, आणि मी त्याच्याच दारात मागायला! गेले. ताटाचं नाव नाही काढलं त्याने. एवढंच म्हणाला, "मुलं पुरेशी आणा, मॅडम. भरल्याशिवाय माझी बस हलत नाही."

१५ जून, शुक्रवार

आजचं सगळं लिहूनच झोपणार!

आधी क्रोमियम— पुस्तकातला दुसरा अपवाद. सहा पोरं. दोघं पुढे धावली— पुढची जागा आधी धरायची, हे इथे शिकवावं लागत नाही. चौघं मागे, एकेका बाकावर एकेक. एक बाक रिकामं. न्सोफ्वा कंडक्टर. गरजली, "पुढचे साहेब, मागे व्हा!" झालं! प्रत्येकाला अख्खं बाक, कुणाचं कोपर कुणाला नाही. अर्धं भरलेलं, तरी शांत!

मग तांबं. अकरा हवे, कंडक्टर सोडून पोरं दहाच. "मॅडम, तुम्ही बसा!" बसले पुढे. मागे नऊ, म्हणजे शेवटच्या बाकावर चोला एकटा. न्सोफ्वाने माझ्या शेजारच्याला उठवून तिथे कोंबलं. दहा!

"आता जागा बदला," मी ओरडले. बदलल्या. पुन्हा बदलल्या. बस तशीच! "हेच ते! भार सगळीकडे सारखा. आणि सारख्या जागांवर जितकी अदलाबदल शक्य, तितकी ऊर्जा खाली. पुढच्या नि मागच्या जागेत फरक चिमूटभर, म्हणून एकाला उठवणं परवडतं!"

"भरली!" न्सोफ्वाने पत्रा बडवला. आणि काबासोने— सवय हो, दुसरं काय— गिअर टाकला! निघालो की फाटकाबाहेर! मुख्याध्यापक मागे धावतायत, टाय खांद्यावर. कधी नव्हे ते शाळेत काहीतरी हललं!

मागून पोरं: "मॅडम, कळलं! तांब्याचा पुढचा एकटा सहज निघून जातो, म्हणून त्यातून वीज वाहते!"

काबासो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "म्हणजे मागचं घर भरलेलंच राहतं, आणि तरी एक जण जायला मोकळा?"

"गाडी वळवा," मी म्हटलं.

कान तापले होते. आमच्या जूनच्या थंडीत!

१६ जून

निऑन कशाशीच जुळत नाही. तांबं जुळतं— आणि त्यासाठी त्याला आतलं घर मोडावं लागत नाही. सोमवारी वर्गात सांगायचं.

१७ जून, रविवार

दादा ताट परत न्यायला आला. एक टेबलावर, एक मोरीत, दोन्ही धुतलेली. "अगं, आत मणी असतात ना? कुठायत?"

मी शाल सरकवली. गळ्यात!